नारळी पौर्णिमेआधीचं व्याख्यान

शेठ पहिल्या रांगेत बसले होते आणि मला त्यांच्याविषयीच बोलायचं होतं. फरक इतकाच, की विषय इंग्लंडातल्या जहाजमालकांचा होता आणि बोलणाऱ्या मॅडम मुंबईहून आल्या होत्या. मी शेजारी उभी राहून त्यांच्या इंग्रजीचं मराठी करत होते. मागच्या रांगांत आमच्या होडीवरच्या खलाशांच्या बायका बसल्या होत्या. दाराशी, चपला काढायच्या जागी, माझा नवरा हाताची घडी घालून उभा होता. तो त्या होडीचा तांडेल. समुद्रात हुकूम त्याचा चालायचा, पण होडी शेठची होती.

मी तलासरीच्या एका शाळेत इतिहास आणि इंग्रजी शिकवते. पोरांना दोन्ही विषयांची सारखीच धास्ती. राहायला नरपडला, त्यामुळे रोज एसटीने जाऊन-येऊन. शेजारच्या मसोलीच्या वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी युरोपच्या इतिहासावर जाणकारांची व्याख्यानं ठेवायची, ही कल्पना शेठचीच. ते लेकीकडे लंडनला राहून आले होते आणि परतल्यावर त्यांना इतिहासाने झपाटलं. हॉलचे पंखे, चहा, पाहुण्यांची गाडी, जेवणातलं पापलेट, सगळं त्यांच्याकडून. बोलणारे बहुतेक इंग्रजीत बोलायचे, म्हणून मला उभं केलं. खरं सांगायचं तर मला तो माणूस आवडायचा. भाषण संपल्यावर कोणी काहीच विचारत नाही, ती अवघडलेली शांतता शेठ कधी होऊ द्यायचे नाहीत. त्यांचे प्रश्नही चांगले असायचे.

सुरुवातीला निवृत्त मंडळी आणि चिकूच्या वाड्यांचे मालक तेवढे यायचे. मग बाजार आटोपून आमच्या आळीतल्या बायका यायला लागल्या, रिकाम्या टोपल्या हॉलबाहेर रचून. काही जण नाकं मुरडायचे. मुरडोत बापडे. फ्रान्सच्या क्रांतीवरच्या व्याख्यानात पाव महागला म्हणून पॅरिसच्या बायका राजाच्या महालापर्यंत चालत गेल्या, हे मी सांगितलं, तेव्हा आमच्या एका खलाशाची बायको मागच्या रांगेतूनच ओरडली, "पाव महागला तर राजाच्या दारात जायचं. मग मासळीचा बर्फ महागला तर आम्ही कोणाच्या दारात जायचं, वहिनी?" सगळ्यात मोठ्याने शेठ हसले, कारण बर्फाचा कारखाना त्यांचाच होता.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात, मासेमारीची बंदी चालू असताना, आमची होडी वाळूवर ओढून ठेवली होती. नवऱ्याने तिचा तळ तपासायला घेतला. एका जागी त्याने सुरी टोचली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. जेवताना त्याने मला हे सांगितलं, अगदी आमटीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "मग काय? शेठला दाखवली. म्हणाले, फळ्या पुढच्या वर्षी बदलू. ह्या वर्षी फटींत कापूस भरून रंग मारून घे."

"आणि तू मारलास?"

"मारला."

"तू त्या होडीत बसणार?"

"तांडेल मीच आहे ना? मग दुसरा कोण बसणार? आणि कोणाला बोलू नकोस."

आम्ही दोघं एकाच आळीत वाढलो, म्हणून अहो-जाहो कधी जमलं नाही, आणि भांडण मात्र लहानपणापासून चांगलं जमतं. त्या दिवशी भांडलो नाही. मला भीती वाटली होती, आणि भीती वाटली की माझं तोंड बंद होतं. रोज एसटीच्या खिडकीतून बाहेर बघताना मला त्या सुरीची मूठच दिसायची. पाच खलाशी आणि एक तांडेल. पाचही घरांत माझं जाणं-येणं. त्या बायकांना सांगावं तर नवऱ्याचा शब्द मोडतो, न सांगावं तर घास उतरत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

अशातच मुंबईच्या मॅडमचा फोन आला. कुठल्यातरी कॉलेजात त्यांनी जन्मभर इंग्लंडचा इतिहास शिकवला होता. म्हणाल्या, "राणीच्या दरबारावर बोलू, की जहाजं आणि खलाशांवर?" दुसऱ्या विषयात काय काय येईल, ते मी विचारलं. त्यांनी थोडक्यात सांगितलं. मी फोन घट्ट धरून म्हटलं, "जहाजं." तारीख ठरली ती नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारची. बंदी उठली तरी आमच्याकडे नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. म्हणजे होडी पाण्यात जायच्या आधीचा तो शेवटचा रविवार होता. विषय मी मुद्दाम निवडला. नवऱ्याला दिलेला शब्द मी मोडणार नव्हते, इंग्लंडला मात्र मी कसलाही शब्द दिला नव्हता. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तेवढाच माझा डाव होता.

तर मॅडम बोलत होत्या आणि मी सांगत होते. इंग्लंडात काही मालक जुनी, कुजत आलेली जहाजं स्वस्तात घेत. वरून रंग देत. मग गळ्यापर्यंत माल भरून समुद्रात सोडत. विमा उतरवलेला असे, त्यामुळे जहाज बुडालं तरी मालक बुडत नसे. मी हे वाक्य सांगितलं तशा मागच्या रांगांतल्या बायका पुढे सरकून बसल्या. मॅडम पुढे गेल्या. खलाशाने एकदा करारावर सही केली आणि जहाज बघून चढायला नकार दिला, तर त्याला तुरुंगात टाकत. बुडायचं नसेल तर तुरुंग. मी मराठी करताना दाराकडे पाहिलं नाही. मला पाहवलंच नाही.

शेठ हसत म्हणाले, "टीचर, एवढं एकेक वाक्य नको. थोडक्यात सांगा. मॅडमना गाडी गाठायची आहे."

"थोडक्यातच सांगते, शेठ," मी म्हटलं आणि एकही वाक्य गाळलं नाही.

पुढे पार्लमेंटातल्या एका सभासदाने ह्या मालकांविरुद्ध आवाज उठवला, भर सभागृहात आरडाओरडा केला, आणि शेवटी कायदा झाला की प्रत्येक जहाजाच्या अंगावर एक रेघ हवी. माल भरल्यावर पाणी त्या रेघेच्या वर येता कामा नये. लोकांना हे पटलं. माना हलल्या. मग मॅडम मिस्कीलपणे म्हणाल्या, की रेघ कुठे मारायची ते मात्र कायद्याने बरीच वर्षं मालकावरच सोडलं होतं. एकाने म्हणे ती जहाजाच्या धुराड्यावर मारली.

हॉल हसला. हसू ओसरलं तेव्हा तीच बर्फवाली, आमच्या खलाशाची बायको, उभी राहिली होती. ती हसत नव्हती. तिने मला नाही, थेट शेठना विचारलं, "शेठ, आपल्या होडीला औंदा नवा रंग मारलाय ना? खालून बी बघितलीय ना?"

तिला कोणी सांगितलं होतं? मी तरी नाही. वाळूवर ओढलेल्या होडीचं काम आळीतल्या कोणालाही दिसतंच, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेठ मागे वळले, छान हसले आणि म्हणाले, "अगं, हे थंड देशातलं बोलणं चाललंय. आपला समुद्र ओळखीचा आहे." मग त्यांनी मॅडमना शाल घातली, श्रीफळ दिलं, आणि आभार मानताना माझंही नाव घेतलं. बाहेर गाडीशी मात्र हळू आवाजात म्हणाले, "टीचर, बोलता छान. पण तुमच्या घरची चूल कशावर पेटते, तेही ध्यानात असू द्या." आवाज अजिबात चढला नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

घरी नवरा दारातच उभा. "उचलली जीभ लावली टाळ्याला! भर सभेत मालकाची लाज काढलीस."

"मी फक्त इंग्रजीचं मराठी केलं."

"मला शिकवू नको. इंग्रजी येत नाही, पण तू मला कळतेस." मग माझ्याकडे पाठ करून बसला आणि म्हणाला, "पौर्णिमेला ये आणि गप हळदकुंकू लाव. एवढंच कर माझ्यासाठी."

आमच्या आळीत रीत अशी आहे, की मोसमाच्या पहिल्या दिवशी होडीच्या नाळीला, म्हणजे तिच्या पुढच्या टोकाला, तांडेलाच्या बायकोने हळदकुंकू लावायचं. मालकिणीने नाही, तांडेलाच्या बायकोने. तिने लावलं म्हणजे आपला माणूस तिने आपल्या हाताने समुद्राच्या हवाली केला. ते झाल्यावाचून खलाशी होडीला खांदा लावत नाहीत. लग्न झाल्यापासून दर वर्षी मी ते नटूनथटून केलं होतं, शाळेची रजा टाकून. त्यात काही अर्थ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. फोटो बरे येतात, एवढंच.

पौर्णिमेला किनाऱ्यावर सगळी आळी जमली. ढोल, पताका, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. बाकीच्या होड्यांच्या पूजा आटोपत आल्या होत्या. आमची होडी निळ्या-पांढऱ्या रंगात अशी चकाकत होती, की मलाच वाटलं, मी उगाच घाबरते आहे. शेठ पांढऱ्या झब्ब्यात आले होते. शेजारी त्यांची बायको, आणि त्यांचा मोठा मुलगा, जो बर्फाचा कारखाना बघतो. मी ताट घेऊन नाळीपाशी गेले. बोट कुंकवात बुडवलं. समोर नवऱ्याचा चेहरा. तो माझ्याकडे एकटक बघत होता. विनवत होता म्हणा ना.

माझा हात वर जाईना. हे मी काही ठरवून केलं नाही. ठरवलं असतं तर घरीच राहिले असते, पाय मुरगळल्याचं निमित्त करून. पण हात जाईना, आणि मग तोंड उघडलं. मी म्हटलं, "शेठ, आज पहिल्या फेरीला तुमच्या घरातलं कोणी बसणार असेल, तर लावते."

ढोल वाजतच होते. कोणीतरी हाताने खूण करून ते थांबवले.

"हे काय नवीन?" शेठ म्हणाले.

"नवीनच आहे."

नवरा दातओठ खात म्हणाला, "लाव. मी सांगतोय, लाव."

शेठना लोकांसमोर माघार घेता येईना. ते मोठ्याने हसले. "एवढंच ना? बसेल की! माझा मुलगा बसेल. जा रे, चढ." मुलगाही हसला. त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. त्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि होडीच्या काठावर हात टेकला. एका खलाशाने त्याला चढवायला हात पुढे केला. मी ताट घेऊन तशीच उभी. माझ्या मनात आलं, आता लावावं लागणार. मी माझाच पाय अडकवून घेतला, आणि वर एका परक्या बाईचा पोरगाही त्या होडीत चढवला.

"नाही," शेठची बायको म्हणाली.

ती कधी बोलायची नाही. व्याख्यानांना यायची, चहा व्हायच्या आधी निघून जायची. तिचा आवाज मी धड ऐकलाच नव्हता.

"काय नाही?" शेठ म्हणाले.

"तो नाही बसायचा." तिने पुढे होऊन मुलाचा दंड धरला. "फळीचं तुम्हीच मला सांगितलंत ना घरात."

मी त्या पाच खलाशांकडे पाहिलं. ते शेठकडे बघत नव्हते. ते सगळे माझ्या नवऱ्याकडे बघत होते, कारण फळीचं त्यालाही माहीत असणार, हे एव्हाना प्रत्येकाला कळून चुकलं होतं.

होडी गेली नाही. नारळ तेवढा वाहिला, कारण त्यात समुद्राचा काय दोष. शेठ गाडीत जाऊन बसले. महिन्याभरात त्यांनी होडी गुजरातकडच्या कोणाला तरी विकून टाकली. ती बुडाली असती का, हे मला कधीच कळणार नाही. आता तिच्यात कोण बसतं, तेही ठाऊक नाही. तलासरीच्या एसटी स्टँडवर गुजरातेतल्या उंबरगावकडची माणसं भेटली की मी अजून विचारते, निळी-पांढरी होडी कोणी घेतली का हो. लोक खांदे उडवतात.

खलाशांना दुसऱ्या होड्यांवर कामं मिळाली. नवऱ्याला मिळालं नाही. ज्याच्या बायकोने भरल्या किनाऱ्यावर होडी अडवली, त्याच्या हातात होडी कोण देणार? काहींना तो अपशकुन वाटला, आणि मालकांना तर पुढच्या पौर्णिमेची धास्ती. खलाशांचा राग निराळा होता: तुला माहीत होतं आणि आम्हाला बोलला नाहीस. ती बर्फवाली मला वाटेत भेटली की हात धरायची, डोळ्यांत पाणी आणायची. तिचा नवरा मात्र माझ्या नवऱ्याला बघून रस्ता बदलायचा. माझा नवरा घरी बसून लोकांची जाळी विणून द्यायला लागला. माझ्याशी बोलायचा ते जेवायला वाढ आणि दार लाव, एवढंच. लोक मला म्हणायचे, नवरा वाचवलास. मी घरी येऊन त्या वाचवलेल्या नवऱ्याच्या पाठीकडे बघत बसायचे. मला त्याचा राग यायचा आणि त्याची कीवही यायची. आणि हे सगळं पुन्हा घडलं, तर मी पुन्हा तेच करेन, ह्याबद्दल मला कधी शंका आली नाही.

एका संध्याकाळी जाळ्यातून मान वर न करता तो म्हणाला, "तुझ्या त्या मॅडम."

"काय त्यांचं?"

"सांगत होत्या ना, चढला नाही त्याला तुरुंगात टाकायचे. सुटून आल्यावर त्याला कामाला कोण घ्यायचं? ते विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांत परीक्षेला कितीतरी प्रश्न काढले, हा कधी काढला नाही.

मसोलीची व्याख्यानं बंद पडली होती. हिवाळ्यात मी मॅडमना तलासरीला, आमच्या शाळेत बोलावलं. ह्या वेळी विषय दुसराच होता, रेल्वे आणि कारखान्यांचा. नवऱ्याला म्हटलं, तूच येऊन विचार. सकाळी एसटीत तो माझ्या मागच्या सीटवर येऊन बसला. वर्गात बाक लहान, म्हणून मागे भिंतीला टेकून उभा राहिला. व्याख्यान संपलं. शाळेतल्या पोरांनी विचारायचं ते विचारलं. मग त्याने हात वर केला. आपला प्रश्न त्याने मराठीतच विचारला, सावकाश, आणि मी त्याचं इंग्रजी केलं.

मॅडमनी चष्मा काढला. मग त्या मराठीत बोलल्या, मोडक्या पण सरळ. "मला माहीत नाही. कायदा कसा झाला ते आम्ही शिकलो, तेच शिकवलं. त्या माणसांचं पुढे काय झालं, ते मी कधी शोधलं नाही."

नवऱ्याने मान हलवली. त्याला राग आला नव्हता, की बरंही वाटलं नव्हतं. महामार्गावर गाड्यांचा आवाज चालू होता. परतताना तो माझ्या शेजारच्या सीटवर बसला. डहाणूला उतरताना म्हणाला, "पुढचं त्यांनाही माहीत नाही. आपलं आपणच बघायचं. उद्यापासून जातोय. खलाशी म्हणून." ज्या होडीवर जाणार होता, तिचा तांडेल त्याच्याच हाताखाली शिकलेला. होडी कशी आहे, मी विचारलं. "बरी आहे," तो म्हणाला. "बघितली खालून."

सकाळी मी किनाऱ्यावर गेले. तो बाकीच्या खलाशांच्या मागे, शेवटी चढला. पूर्वी सगळ्यात आधी चढायचा. मी हात केला, त्याने पाहिलं नाही. मी शाळेत गेले, शिकवलं, कोणाला काय शिकवलं ते आठवत नाही. संध्याकाळी मी पुन्हा किनाऱ्यावर आले. भरती आली आणि होड्या परतल्या. तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला, मासळीची टोपली डोक्यावर घेऊन माझ्यासमोरून निघून गेला. अजून रागावलेलाच होता. मी त्याच्या मागोमाग घरी चालत आले.